लेथवर (लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर) लाकडाचे तंतू उपटत असतील तर आधी लाकूड बदला (माझा अनुभव)

प्रॉब्लेम असा होता की सरावाच्या दांड्यावर मणी किंवा खाच कापताना तंतू उपटायचे, स्क्यू (तिरक्या धारेची सपाट पटाशी) अडकायचा आणि कितीही पॉलिश पेपर मारला तरी खरबरीतच. हत्याराला धार लावून, स्पीड वाढवून पाहिलं, फरक नाही. फार वैताग आला होता.

लाकूड होतं पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन, एकदम कोरडं, एक वलय मऊ तर पुढचं कडक, त्यामुळे सुरुवातीला हात बसतच नाही. सुकं बाभूळही आणलं, पण ते नवशिक्यासाठी फारच कठीण.

जमलं ते ओल्या लाकडावर. पेरू, आंबा किंवा सुबाभळीची छाटणी झाली की मनगटापेक्षा जाड, सरळ, बिनगाठीची फांदी घ्यायची, कण्हेर मात्र अजिबात नको, विषारी असते. मग ८-१० इंचांचे तुकडे करून कुऱ्हाडीने मधोमध गाभ्यातून उभे फोडायचे आणि गाभा काढून टाकायचा, तडे बहुतेक तिथूनच जातात. कोपरे तासून तंतू लेथच्या अक्षाला समांतर राहतील असा तुकडा लेथच्या दोन सेंटरमध्ये (दोन्ही टोकांच्या टोकदार आधारांमध्ये) घट्ट बसवायचा, फेस शील्ड लावायची, कमी स्पीडला रफिंग गाऊजने (पन्हाळीसारख्या खोलगट पटाशीने) गोल करायचा आणि मगच स्क्यू. कापताना कायम जाडीकडून बारीक भागाकडे जायचं. ओल्या लाकडाची लांब रिबिनीसारखा छिलका निघतो, भुसा पडायला लागला तर धार गेलीय समजा. उरलेल्या तुकड्यांच्या दोन्ही टोकांना मेण लावून सावलीत ठेवा.