हॉट रॉड घरी बांधायची तर: ग्राइंडर लावण्याआधीची तयारी

हॉट रॉड म्हणजे वजन कमी करून, ताकदवान इंजिन घालून वेगासाठी नव्याने बांधलेली जुनी गाडी. सुरुवात गाडी निवडण्यापासून, आणि इथे माझं मत ठाम आहे. स्वतःच्या इंजिनावर अजून चालणारी, मडगार्डं-दारं शाबूत असलेली जुनी गाडी हॉट रॉडसाठी कापू नका. हा छंद जन्मला तोच भंगारातून. १९३०च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं टाकून दिलेल्या फोर्ड स्वस्तात उचलायची, वजन कमी करायला मडगार्डं काढून फेकायची, इंजिनाची ताकद वाढवायची आणि म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या तळ्यांच्या सपाट जमिनीवर पळवायची. त्यांच्या क्लबांनी १९३७ साली एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. तेव्हा बिनइंजिनाची, शेतात पडून राहिलेली बॉडी शोधा. फोर्डची मॉडेल ए (१९२८ ते १९३१) यासाठी उत्तम. ४८ लाखांच्या आसपास बनल्या होत्या, त्यामुळे अशा बॉड्या आजही मिळतात आणि सुटे भाग नवे बनतात. ओहायोतली ब्रुकव्हिल रोडस्टर ही कंपनी तर अख्खी पोलादी बॉडी नवी बनवून देते.

पुण्या-कोल्हापुरात कुणाच्या वाड्यात आजोबांची गाडी उभी असेल, तर कितीही हात शिवशिवले तरी तिला कापू नका. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मुळे मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत. उलट २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते आणि तिला ‘व्हीए’ अक्षरांची नंबरप्लेट मिळते. ती गाडी जशी आहे तशी जपा. पुढचं सगळं अमेरिकेत राहणाऱ्या, घराला गॅरेज जोडलेलं असणाऱ्या आपल्या मंडळींसाठी आहे.

बॉडी बघायला जाताना पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक न्या. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे असं समजा. दारांचा खालचा काठ, काउलचे (काचेखालचा, बॉनेटमागचा भाग) कोपरे आणि जमिनीलगतच्या पट्ट्या आधी तपासा. पाणी तिथेच साचतं. त्याच काळातल्या शेव्हरलेच्या बॉडीत पत्र्याखाली लाकडी सांगाडा असतो. तो कुजला असेल तर आधी सुताराचं काम निघतं. पहिल्यांदाच बांधणाऱ्याने म्हणूनच फोर्ड घ्यावी.

पैसे देण्याआधी कागद. मॉडेल एचा नंबर इंजिनावर कोरलेला असे आणि तोच चॅसीच्या डाव्या बाजूवर, वरच्या अंगाला. तो काही अंशी बॉडीखाली झाकला जातो. जुन्या टायटलवर (गाडीच्या मालकीचा कागद) बऱ्याचदा इंजिनाचा नंबर लिहिलेला असतो, आणि ते इंजिन कधीच भंगारात गेलेलं असतं. म्हणून विकणाऱ्याला बॉडी सैल करून चॅसीवरचा नंबर दाखवायला सांगा, फोटो काढा आणि टायटलशी अक्षर न अक्षर ताडून पाहा. जुळत नसेल तर सौदा कितीही गोड वाटला तरी परत फिरा. आपल्या राज्याच्या मोटार विभागाकडे नोंदणी नक्की कोणत्या प्रकारात होणार हेही आधीच विचारून ठेवा. कॅलिफोर्नियात खास बांधलेल्या गाड्यांसाठी धुराच्या नियमांत जी सवलत आहे, ती वर्षाला फक्त पहिल्या ५०० गाड्यांना मिळते.

मग इंजिन, कारण पुढची सगळी मापं त्यावरून ठरतात. फोर्डचा फ्लॅटहेड व्ही-८ (व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असलेलं आठ सिलिंडरचं इंजिन) १९३२ साली आला तेव्हा ६५ हॉर्सपॉवर द्यायचा. अमेरिकेत तो १९५३पर्यंत गाड्यांत बसत होता. त्याचा आवाज ऐकला की दुसरं काही नको वाटतं, हे मीही मान्य करतो. पण त्यात एक्झॉस्टची वाट ब्लॉकमधूनच जाते, त्यामुळे तो तापतो आणि जुन्या ब्लॉकला व्हॉल्व्हजवळ तडे गेलेले असतात. मशीन शॉपमधून तपासून घेतल्याशिवाय एक डॉलरही देऊ नका. पहिल्या गाडीला शेव्हरलेचं ३५० घनइंचांचं व्ही-८ इंजिन बरं: सुटे भाग कुठेही मिळतात आणि दुरुस्ती येणारा माणूस जवळपास असतोच. फक्त त्याचा डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) मागच्या टोकाला असतो आणि मॉडेल एचं नाक आखूड. फायरवॉल (इंजिन आणि बसायची जागा यांमधला पत्रा) आत घ्यावी लागेल, हे कागदावर आधीच मांडा.

आणि इंजिन विकत घेण्याच्याही आधी ब्रेक ठरवा. यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. मॉडेल ए रस्त्यावर आली ती ४० हॉर्सपॉवर आणि सळ्यांनी ओढले जाणारे ब्रेक घेऊन. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९च्या मॉडेलपासून दिले. तिच्यात अडीचशेच्या वर हॉर्सपॉवर घालून जुन्या सळ्यांवर भरवसा ठेवणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. नवीन ब्रेकमध्येही एक गोष्ट हमखास सुटते. हॉट रॉडमध्ये मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा भाग) बहुधा पायाखाली, फ्लोअरच्या खाली बसवतात, म्हणजे तो चाकाजवळच्या कॅलिपरपेक्षा खाली येतो. मग पाय काढल्यावर ब्रेक ऑइल उतारावरून मागे येतं आणि पुढच्या वेळी पेडल पहिल्या दाबात खोल जातं. त्यासाठी लाइनमध्ये थोडा दाब टिकवून ठेवणारा रेसिड्युअल व्हॉल्व्ह लागतो: डिस्कला २ पीएसआयचा (दाबाचं एकक), ड्रमला १०चा. पुढे डिस्क, मागे ड्रम असतील तर दोन वेगळे. मास्टर सिलिंडर दोन कप्प्यांचाच घ्या, म्हणजे एक लाइन फुटली तरी दुसरी गाडी थांबवेल.

चॅसीचे मूळ रूळ इंग्रजी ‘सी’च्या आकाराचे, एका बाजूने उघडे असतात. नव्या ताकदीला ते पिळतात, म्हणून उघडी बाजू प्लेटने बंद करावी लागते. हे काम सपाट, लेव्हलमध्ये असलेल्या फरशीवर, चॅसी पक्की जखडून आणि कर्ण मोजत मोजत करायचं. फरशीला उतार असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करा. स्टेअरिंग आणि एक्सलच्या बोल्टांची वेगळी खरेदी यादी करा. बोल्टच्या डोक्यावर तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा रेघा म्हणजे ग्रेड ८. ज्याच्या डोक्यावर काहीच खूण नाही तो बोल्ट तिथे नको. शोभेचे स्टेनलेस बोल्टही नकोत.

आता गॅरेज. ट्रॉली जॅक, चार भक्कम घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड), इंजिन उचलायचा हॉइस्ट, मिग वेल्डर (वायर आपोआप पुढे सरकवणारा) आणि त्यासाठी २४० व्होल्टचं कनेक्शन एवढं हवंच. बॉडीच्या पत्र्याला ०.०२३ इंचाची वायर वापरा आणि सलग ओढू नका. एक टॅक (वेल्डिंगचा छोटा ठिपका) इथे, पुढचा लांब, मध्ये पत्रा हाताला थंड लागू द्या. नाहीतर पत्रा लाटांसारखा वळतो आणि मग सरळ होत नाही. आधी टाकाऊ पत्र्यावर भरपूर हात बसवा.

सुरक्षिततेबद्दल जरा जास्त लिहितो, कारण भिंतीपलीकडे आपली मुलं झोपलेली असतात. बऱ्याच घरांत पाणी तापवायचा गॅस हीटर गॅरेजमध्येच असतो आणि त्याची छोटी ज्योत सतत पेटलेली असते. पेट्रोलची वाफ जमिनीलगत सरकत तिथपर्यंत जाते. टाकी रिकामी करायचं काम बाहेर, मोकळ्यावर करा. मॉडेल एची टाकी काउलमध्येच, बसणाऱ्याच्या गुडघ्यांसमोर असते. जुनी टाकी घरी वेल्ड करायचा विचारही नको. ब्रेक क्लीनरच्या काही डब्यांत क्लोरीनयुक्त द्रावण असतं. त्याने पुसलेल्या जागी वेल्डिंग केलं तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. तो डबा घरातच आणू नका. जुन्या ब्रेकच्या धुळीत ॲस्बेस्टॉस आणि जुन्या रंगात, सांध्यांत शिसं असू शकतं. त्यावर हवा मारू नका, ओलं करून पुसा आणि योग्य मास्क लावा. वेल्डिंग संपल्यावर लगेच दिवे बंद करून घरात जाऊ नका, थांबून कोपरे बघा.

गाडी खोलायच्या आधी जाड झिपच्या पिशव्या आणि मार्कर आणा. प्रत्येक पिशवीवर बोल्ट कुठून निघाला ते लिहा आणि त्या जागेचा फोटो काढा. अर्धवट सोडलेल्या गाड्या विकायला येतात त्या बहुतेक खोक्यांत, कारण कुठलं काय ते मालकालाच कळेनासं झालेलं असतं. वायरिंग मात्र जुनं वापरूच नका. मूळचं ६ व्होल्ट पॉझिटिव्ह अर्थिंगचं; ते सगळं काढून १२ व्होल्टचा नवा फ्यूजवाला हार्नेस (वायरांचा तयार जुडगा) घ्या.

खर्चाचा क्रमही आधी लिहून काढा: चॅसी, ब्रेक, स्टेअरिंग, इंजिन, वायरिंग. चाकं आणि क्रोम मनाला भुरळ घालतात, पण पैसे तिथे आधी गेले की ब्रेकसाठी उरत नाहीत. विमा ठरलेल्या किमतीचा (गाडी गेली तर आधी ठरवलेली रक्कम देणारा) घ्या आणि बांधकाम चालू असतानाही गाडी त्यात धरतात का हे विचारा.

शेवटी, सगळी गाडी उघड्या पत्र्यावर जोडून चालवायची, हे पहिल्या दिवसापासून वेळापत्रकात धरा. ब्रॅकेट कुठे घासतं, पंखा कुठे लागतो, तेल कुठे गळतं हे तेव्हाच कळतं, आणि रंग नसल्याने तेव्हा पुन्हा वेल्डिंग करायला जीव कचरत नाही. नॅशनल स्ट्रीट रॉड असोसिएशनची २३ मुद्द्यांची सुरक्षा तपासणी आहे. जमेल तर तीही याच अवस्थेत करून घ्या. पेंटरकडे तारीख मागायची ती त्यानंतर.