बांबूचं धनुष्य घरी कसं बनवायचं

सातपुड्यातल्या भिल्लांच्या तिरकमठ्यात दांडा बांबूचा असतो आणि दोरीही बांबूच्याच चिवट सालीची. हौशी माणसानेही सुरुवात बांबूनेच करावी. लाकडात सरळ रेषांचा, बिनगाठीचा तुकडा शोधता शोधता उत्साह मावळतो; बांबूचे तंतू मुळातच सरळ धावतात.

जाड भिंतीचा मानवेल जातीचा बांबू घ्या, किमान तीन वर्षांचा. कोवळा किंवा पावसाळ्यात तोडलेला बांबू भुंगा पोखरतो, म्हणून हिवाळ्यातली तोड चांगली. मांडववाल्याकडचा भेगाळलेला बांबू फुकट मिळाला तरी नको. ओळखीचा बुरूड असेल तर त्यालाच निवडायला सांगा. कोयत्याने उभा चिरून साधारण १६५ सेंमी लांब आणि ४ सेंमी रुंद पट्टी काढा आणि सावलीत दोन-तीन महिने वाळू द्या. उन्हात घाई केली तर ती तडकते.

आता आकार. मधोमध १२ सेंमी मूठ सोडा. तिथून दोन्ही टोकांकडे रुंदी कमी करत दीड सेंमीवर आणा. बाहेरच्या सालीला मात्र हात लावायचा नाही. सगळ्यात दाट तंतू तिथेच असतात आणि ओढताना ताण तीच बाजू सोसते. साल निशाणाकडे, पोकळीची बाजू तुमच्याकडे. सालीच्या कडा तेवढ्या पॉलिश पेपरने गोल करा. आतले पडदे रंध्याने उतरवा, पण गाठीपाशी जाडी किंचित जास्त ठेवा. टोकापासून २ सेंमीवर गोल कानशीने दोन्ही कडांना तिरक्या खाचा पाडा.

खरं काम यापुढे आहे, आणि निम्म्याहून जास्त वेळ इथेच द्यावा. सैल, लांब दोरी अडकवून धनुष्य भिंतीवरच्या खुंटीवर मुठीत टेका. दोरीला दुसरा दोर बांधून तो खाली कप्पीतून घ्या आणि लांब उभं राहून थोडं थोडं ओढा. धनुष्याचे दोन्ही हात, म्हणजे मुठीच्या दोन्हीकडचे भाग, सारखे वाकतात का? बहुधा नाही, कारण बांबू बुंध्याकडे जाड आणि शेंड्याकडे पातळ असतो. जो भाग सरळच राहतो तिथे पेन्सिलने खूण करा आणि फक्त तिथलीच आतली बाजू काचेच्या तुकड्याने आठ-दहा वेळा खरवडा. मग वीस-तीस वेळा हलकं ओढा, म्हणजे खरवडल्याचा परिणाम दिसू लागतो, आणि पुन्हा बघा. एखादी जागा बिजागरीसारखी मोडत असेल तर तिला अजिबात शिवू नका, बाकीचा भाग तिच्याइतका मऊ करा.

सामान तोलायचा लटकता काटा दोराला लावा. पहिल्या धनुष्याला ९ ते ११ किलोचा ताण भरपूर झाला. खेच, म्हणजे दोरी मुठीपासून किती मागे आली ते अंतर, कितीही कमी असो, त्या आकड्यापलीकडे ओढू नका. ६५ सेंमी खेचीला तेवढा ताण आला आणि कमान दोन्हीकडे सारखी दिसली की थांबा. (अजून थोडं खरवडू, हा मोह बरीच धनुष्यं बाद करतो.) एकच पट्टी फार मऊ निघाली तर आतून निम्म्या लांबीची दुसरी पट्टी सुतळीने घट्ट आवळून बांधा.

दोरीसाठी चामडं शिवायचा मेण लावलेला पॉलिस्टर दोरा बारा-पंधरा पदरी पिळून घ्या. नायलॉन ताणतो, तो टाळा. दोरी चढवल्यावर ती मुठीपासून १५ सेंमीवर राहावी. शेवटी जवसाचं तेल दोन-तीन हात द्या.

बाण न लावता दोरी कधीच सोडू नका; सगळा झटका दांड्यात जातो आणि तो फुटतो. काम झालं की दोरी उतरवा. पहिले बाण अर्ध्या खेचीवर, गवताच्या भाऱ्यावर मारा, मागे मातीचा बांध असलेल्या जागी. पक्षी-प्राण्यांवर तर नकोच. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार गुन्हा आहे.