स्वीडनमधला पहिला डिसेंबर आणि टॉम्टे

स्टॉकहोमला डिसेंबरात पावणेनऊच्या सुमारास उजाडतं आणि तीनच्या आत सूर्य मावळतो. नवीन आलेली मंडळी विचारतात ती जाड जॅकेटबद्दल आणि ड जीवनसत्त्वाबद्दल. त्या दोन्हींची सोय कराच, पण टॉम्टेचीही नीट ओळख करून घ्या. नोव्हेंबर सरता सरता दुकानांत, शेजाऱ्यांच्या खिडक्यांत, मुलांच्या बालवाडीत तोच दिसू लागतो आणि आपले बहुतेक लोक त्याला सांताक्लॉज समजून पुढे जातात.

मूळचा टॉम्टे भेटी वाटणारा नव्हे. तो शेतघराचा राखणदार. राखाडी कपडे, पांढरी दाढी, उंची लहान मुलाएवढी, वस्ती गोठ्यात नाहीतर तबेल्यात. कोकणातल्या माणसाला तो चटकन उमगेल, कारण वाडीच्या राखणदारासारखाच त्यालाही वर्षाचा मान द्यावा लागतो. रात्री तो गुरांवर नजर ठेवतो, घोड्यांवर त्याची विशेष माया. जनावरांची आबाळ झाली की तो घर सोडतो आणि त्याच्यामागून बरकतही जाते. नॉर्वे-डेन्मार्कमध्ये त्याला निस्से म्हणतात, फिनलंडमध्ये तोन्त्तू.

नाताळच्या आदल्या रात्री त्याच्यासाठी वाडगाभर लापशी ठेवायची, वर लोण्याचा गोळा. एका गोष्टीत त्याला वर लोणी दिसत नाही. रागाच्या भरात तो गोठ्यातली गाय मारतो. मग लापशी खाऊ लागतो, तर लोणी तळाशी! ओशाळून तो शेजारच्या गोठ्यातून तशीच गाय आणून बांधतो. शेजाऱ्याचं काय झालं, हे मात्र गोष्ट सांगत नाही. मला यातला त्याचा मानी स्वभाव फार आवडतो. मोबदला थोडाच हवा, पण ठरलेला आणि वेळेवर.

चर्चला हे मान्य नव्हतं. चौदाव्या शतकात संत बिर्गित्ता यांनी असल्या घरदेवांच्या पूजेविरुद्ध बजावलं होतं. तरी तो टिकला. १८८१ साली व्हिक्टर रिडबेरी यांची त्याच्यावरची कविता आली. तिला चित्रं काढणाऱ्या येन्नी न्यूस्ट्रम यांनी पुढे नाताळच्या शुभेच्छापत्रांवरही तो रंगवला आणि आजचं त्याचं रूप घरोघरी पोचलं. भेटी आणण्याचं काम पूर्वी नाताळच्या बोकडाकडे होतं, तेही त्याच्याकडे आलं. स्वीडनच्याच येव्ले शहरात १९६६ पासून उभारतात तो पेंढ्याचा प्रचंड बोकड त्याच जुन्या परंपरेतला.

आता तुमच्या घरचं. इथला मुख्य सण २४ डिसेंबरला, २५ला नव्हे. लापशीसाठी दुकानात ‘ग्रोतरीस’ नावाचा आखूड, गोल तांदूळ मिळतो. आधी थोड्या पाण्यात मीठ घालून शिजवा, मग दूध ओतून झाकण ठेवा आणि अगदी मंद आचेवर पाऊणएक तास राहू द्या. तळाला लागू नये एवढं बघा. वर साखर, दालचिनी, मधोमध लोणी. आत एक सोललेला बदाम दडवतात. तो ज्याला मिळेल त्याचं वर्षभरात लग्न होणार, असं मानतात. लहान मुलांना मात्र बदाम जपून द्या.

शेजाऱ्यांनी २४ला बोलावलं, तर संकोच न करता जा. संध्याकाळी दारावर थाप पडेल आणि घरातलंच कुणीतरी दाढी लावून विचारेल, “इथे कुणी गुणी मुलं आहेत का?” तेव्हा आपल्या मुलांनी मोठ्याने ‘या!’ म्हणायचं, म्हणजे स्वीडिशमध्ये ‘हो!’. एवढं घरून शिकवून न्या.