कात्री लागायच्या आत

पंचवटीत गेली एकोणीस वर्षं मी ब्लाउज शिवतेय. माप देऊन गिऱ्हाईक उलटलं की पोटात कसं होतं, ते मला कुणी सांगायला नको. तरी गेल्या वैशाखात मीच उलटले.

मखमलाबाद नाक्याजवळच्या नव्या फ्लॅटसाठी एका वेबसाइटवर मापाचे पाच पडदे मागवले. (स्वतः का नाही शिवलेस, असं विचारू नका. ऐन लग्नसराईत माझ्या मशीनवर माझ्यासाठी जागा नसते.) ११,४०० रुपये, सगळे आगाऊ. ह्यांनी उंची मोजली ती चौकटीपासून, रॉडपासून नव्हे. ८४ इंच. शनिवारी रात्री ऑर्डर दिली आणि तासाभरात लक्षात आलं की ९० हवे होते. वेबसाइटची अट अशी, की मापाचा माल परत नाही, रद्द केल्यास निम्मी रक्कम कापणार.

फोनवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, प्रॉडक्शनला गेलंय." शनिवारी रात्री साडेदहाला? मी वाद घातला नाही, मेल लिहिला:

"ऑर्डर रद्द करत आहे. कापड कापलं आहे का? असल्यास कधी कापलं, ते फोटोसह कळवा. नसल्यास पूर्ण रक्कम परत करा. तुम्ही ऑर्डर रद्द केली असती, तर मला किती भरपाई देणार होता, तेही लिहा."

तुम्हीही असाच लिहा, आणि आधी लिहा, फोन नंतर. मेलवर तारीख आणि वेळ आपोआप पडते. मापाच्या मालात सगळं कात्रीवर असतं. कापड बेतलं नसेल तर दुकानदाराचं नुकसान जवळपास शून्य. बेतलं असेल तर ते दुसऱ्या कुणाच्या खिडकीला बसणार नाही, आणि तो पैसे मागतो त्यात चूक नाही.

आता कायदा. 'मन बदललं, इतक्या दिवसांत परत' असा सरसकट हक्क आपल्याकडे नाही, तयार मालालाही नाही. पण दुकानाच्या अटींना लगाम आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनी रद्द करण्याचे पैसे तेव्हाच लावू शकते, जेव्हा तिने स्वतःहून ऑर्डर रद्द केल्यास तीही तसेच पैसे सोसते. माझ्या मेलमधला शेवटचा प्रश्न तिथून आला, आणि त्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, झालेल्या नुकसानाच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणारी अट अन्यायकारक करारात मोडते.

माल चुकीचा आला तर गोष्टच वेगळी. तुम्ही ८४ लिहिलं आणि आले ८०, कापड फाटकं निघालं, रंग ठरलेला नाही, किंवा सांगितलेली तारीख उलटून गेल्यावर आलं (पूर, संप असलं काही नसताना), तर विक्रेत्याला माल परत घ्यायला नकार देता येत नाही. 'मापाचा माल परत नाही' ही पाटी तिथे चालत नाही. म्हणून पार्सल फोडताना व्हिडिओ करा, आणि त्यात टेप लावून दाखवा. नुसतं 'छोटं आलंय' म्हटल्याने बोळवण होते.

येवल्याच्या पैठणीचं मात्र ऐका. माझ्या एका गिऱ्हाइकीणीने विणकराकडे फोनवरून पदर, काठ, रंग सगळं ठरवलं आणि तीन आठवड्यांनी नको म्हणाली. ताणा मागावर चढलेला, काठ विणायला घेतलेला. मी तिला सांगितलं, आगाऊ दिलेल्यातले काही सोड. हातमागावरच्या माणसाचे ते दिवस परत येत नाहीत.

कंपनीने दाद दिली नाही तर वेबसाइटवर तक्रार अधिकाऱ्याचं नाव शोधा, ते देणं बंधनकारक आहे. ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण. तरीही नाही, तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. पुढे जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता सुरतचा असो की दिल्लीचा, तुम्ही नाशिकला राहता म्हणून तक्रार नाशिकला करता येते. ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइनही होते. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. एक मेख आहे: 'ही अटच अन्यायकारक करार ठरवा' अशी मागणी राज्य आयोगाकडे जाते, म्हणून जिल्ह्यात सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा म्हणून मांडा.

मला एवढं करावं लागलं नाही. सोमवारी दुपारी उत्तर आलं, कापड कापलेलं नव्हतं. अकराव्या दिवशी १०,८३० जमा झाले. ५७० 'प्रक्रिया शुल्क' म्हणून कापले. भांडले असते तर तेही मिळाले असते, पण दारात सात ब्लाउज अडकलेले होते.