निरोप समारंभात ‘सार्वजनिक आयव्यय’ या विषयाचं हसवणारं कौतुक कसं करावं

मार्चच्या सुमारास कोल्हापुरात कॉलेजांत आणि विद्यापीठात निरोप समारंभ सुरू होतात. अर्थशास्त्राच्या वर्गात एकेका विषयावर कुणीतरी बोलायचं ठरतं, आणि ‘सार्वजनिक आयव्यय’, म्हणजे सरकारच्या जमाखर्चाचा विषय, ज्याच्या वाट्याला येतो तो हबकतो. तूट, कर्ज, कर. यात हसण्यासारखं काय असणार? भरपूर आहे, फक्त विनोद विषयाच्या आत शिरून करावा लागतो. ‘तास संपता संपत नव्हता’, ‘पुस्तक उशाला घेऊन झोपलो’ हे कुठल्याही विषयाला चालतं, म्हणून त्यातून या विषयाचं कौतुक होत नाही.

आधी माप ठरवा. वेळ साधारण पाच मिनिटं मिळते. सावकाश बोललं की मिनिटाला शंभर-एकशे दहा शब्द होतात. एक मिनिट हशासाठी सोडा, म्हणजे लिहायचे शब्द 400 ते 440. त्यात तीन विनोद बसतात. चौथा कोंबला की शेवटचे आभार घाईत उरकले जातात, आणि भाषण तर आभारासाठीच असतं.

मग वही उघडा आणि ज्या संज्ञेचं रोजच्या जगण्याशी नातं जुळतं तिच्यावर खूण करा. अर्थसंकल्पाच्या मंजुरीचं प्रकरण यासाठी सगळ्यात श्रीमंत आहे. ‘पुरवणी मागणी’ घ्या. मंजूर झालेली रक्कम वर्ष संपायच्या आत अपुरी पडते, म्हणून सरकार पुन्हा सभागृहापुढे जातं. इकडे ताटात अर्धी भाकरी उरलेली असते, पांढरा रस्सा संपलेला असतो, आणि वाटी पुढे होते. ही जोडी चपखल बसते, कारण गरज मधेच लागली, परवानगी नव्याने मागितली आणि मिळणार त्याच पातेल्यातून. कुणी आधी वाढून घेतलं आणि मग विचारलं, तर ते ‘अधिक अनुदान’ झालं. एवढा फरक भाषणात सांगितलात तर समोर बसलेल्या मॅडमच सगळ्यात आधी हसतील.

‘भारित खर्च’ तसाच. एकत्रित निधीवर (सरकारच्या मुख्य खजिन्यावर) भारित असलेल्या खर्चावर चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. तासानंतरचा कटिंग चहा त्याच वर्गातला. ‘सांकेतिक कपात’ म्हणजे एखाद्या खात्याच्या पैशांच्या मागणीतून फक्त 100 रुपये कमी करा असा प्रस्ताव. पैसे वाचवणं हा हेतूच नसतो, एखादी तक्रार मांडायची असते. अंतर्गत परीक्षेत अर्धा गुण कापून शेजारी ‘अक्षांना नावं द्या’ लिहिलेलं असतं, ती ही कपात. वेळ संपली म्हणून उरलेल्या मागण्या चर्चेविना मताला टाकतात ते गिलोटिन; परीक्षेच्या आदल्या दिवशी शेवटच्या प्रकरणाचं जे होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

यातलं एक निवडा, तो पहिला विनोद. दुसरा, मुख्य विनोद मात्र तुटीवर ठेवा. तीन तुटी एका दमात समजावता आल्या तर तेच विषयाचं सगळ्यात मोठं कौतुक. नमुना असा (भांडवली खर्च म्हणजे टिकाऊ वस्तूवरचा, महसुली म्हणजे रोजचा):

“घरातनं महिन्याला 6,000 येत्यात, खर्च 7,500. वरचे 1,500 रूममेटकडनं उसने. ही आमची राजकोषीय तूट. त्या 7,500 मधले 900 जुन्या सायकलीला गेले, ते भांडवली खर्चात धरा. राहिला 6,600 महसुली खर्च, म्हणून महसुली तूट 600. आणि गेल्या महिन्याच्या उसनवारीवर रूममेट व्याज म्हणून 200 रुपयांची मिसळ खातोय. ते 200 राजकोषीय तुटीतनं काढले की प्राथमिक तूट 1,300. सर विचारतात, एवढं कर्ज काढून उभं काय केलंस? सर, 900 ची सायकल स्टँडवर उभी हाय, 600 पोटात गेले.”

यातले आकडे बदलायचे असतील तर एक गोष्ट सांभाळा. मिसळीचे 200 त्या 6,600 च्या आत आहेत. ते वेगळे धरले तर एकूण खर्च 7,700 होतो आणि तिन्ही तुटी चुकतात. व्याज वजा करायचं ते राजकोषीय तुटीतून, महसुली तुटीतून नव्हे. इथे बरेच जण घसरतात. ‘तूट’ला ‘कर्ज’ म्हणू नका. तूट या महिन्याची, कर्ज म्हणजे आजवर साठलेली सगळी उसनवारी. आकडे पाठ असले तरी कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून न्या, आणि ‘उभी हाय’ नंतर दोन सेकंद थांबा. तिथे हशा येतो. त्यात ‘600 पोटात’ बुडालं तर महसुली तुटीचा सगळा मुद्दाच गेला.

तिसरा विनोद रंकाळा तलावावर न्या. सार्वजनिक वस्तूच्या दोन कसोट्या: एकाने घेतली म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही, आणि कुणाला वगळता येत नाही. रंकाळ्याचा वारा दोन्हींत पास. काठावरचं बाकडं मात्र रविवारी संध्याकाळी पहिल्या कसोटीत नापास होतं, कारण बसणाऱ्याला उठवता येत नाही आणि दुसऱ्याला जागा उरत नाही. हातातली भेळ शुद्ध खाजगी वस्तू, मित्रांचे चार हात त्यात शिरेपर्यंत. इथे ‘सरकार देतं ती सार्वजनिक वस्तू’ अशी व्याख्या चुकूनही करू नका. कोण पुरवतं यावर नाही, वस्तूच्या गुणधर्मावर ते ठरतं.

भाषेचं म्हणाल तर संज्ञा पूर्ण आणि स्वच्छ उच्चारा, बाकीचं खुशाल कोल्हापुरी ठेवा. संज्ञेचा अर्थ विनोदाच्या आधी एका वाक्यात सांगा, कारण पालक आणि इतर विभागांचे विद्यार्थीही समोर असतात. विनोद झाल्यावर अर्थ सांगत बसलात की तो मेला. शिक्षकांच्या दिसण्यावर, आवाजावर काही नको.

जुन्या वहीतले दर तपासून घ्या. जीएसटी 1 जुलै 2017 ला आला. 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक वस्तूंसाठी 5 आणि 18 टक्के हे मुख्य दर राहिले, निवडक वस्तूंवर 40. ‘12 टक्क्यांत बसणारा मित्र’ हा जुन्या बॅचचा विनोद आता चालणार नाही. उलट राज्यघटनेचं कलम 112 कायम हाताशी ठेवा. केंद्राचा अर्थसंकल्प ज्या कलमाखाली मांडतात त्यात ‘अर्थसंकल्प’ हा शब्दच नाही, ‘वार्षिक वित्तीय विवरणपत्र’ आहे. राज्यासाठी तेच काम कलम 202 करतं. जुन्या लग्नपत्रिकेत ‘लग्न’ नसून ‘शरीरसंबंध’ लिहिलेलं असायचं, तसं म्हणून पाहा. वडीलधारी मंडळी लगेच ओळखतात.

शेवटचा एक मिनिट हसवायचा नाही. या विषयानं काय दिलं ते नेमकं सांगा. घरी येणाऱ्या बिलांतला घरफाळा हा कर आहे, त्याच्या बदल्यात मोजून काही मिळत नाही. पाणीपट्टी ही वापराची किंमत आहे. हे आता वडिलांना समजावता येतं. कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनात सगळं शहर रस्त्यावर उतरलं होतं, ते भांडण ‘लाभ घेणाऱ्यानं पैसे द्यावेत’ या तत्त्वावरचं होतं हे वर्गात बसल्यावर उमगलं, असं एखादं वाक्य घाला. ‘खूप शिकायला मिळालं’पेक्षा शिक्षकांना हे जास्त पोचतं.

आणि समारंभ मार्चअखेरीला असेल तर शेवट तयारच आहे. 31 मार्चला अखर्चित अनुदान व्यपगत होतं, म्हणजे आपोआप रद्द होतं. शिक्षकांकडे वळा आणि म्हणा: “सर, मॅडम, आमच्या काही शंका अखर्चित राहिल्यात. त्या व्यपगत करू नका, पुढच्या वर्षी विचारायला येतो.” नमस्कार करा आणि खाली उतरा.