खुल्या आराखड्याचा सायकलदिवा : टेबलापासून रस्त्यापर्यंत

टेबलावर पेटलेला एलईडी आणि जुलैच्या पावसात रोज पंधरा किलोमीटर जाणाऱ्या सायकलवरचा दिवा, या दोहोंत बरंच अंतर आहे. यातलं सर्किट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही दोन रविवारांत उभं करतो. खरा वेळ जातो तो डबी, पाणी, धक्के आणि फायली यांत. फायली म्हणजे अशा, की त्या वाचून अनोळखी माणसाला तोच दिवा बनवता यावा. हाताशी तीन महिने असतील तर सर्किटला तीन आठवडे पुरेत, बाकीचे सगळे या चार गोष्टींना ठेवा.

पहिला दिवा समोरचा, पांढरा, एका सेलवर चालणारा घ्या. सामान थोडंच लागतं: एक १८६५० सेल (पुन्हा भरता येणारा लिथियमचा गोल नळीसारखा सेल), संरक्षण असलेलं टीपी४०५६ चार्जिंग मॉड्यूल, एएमसी७१३५ या करंट स्थिर ठेवणाऱ्या चिपा दोन, एटीटायनी८५व्ही हा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅम भरून दिवा चालवणारी चिप, २० मिमीच्या ॲल्युमिनियम पाटीवर बसवलेला ३ वॅटचा एलईडी, त्याची लेन्स आणि एक बटण. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत बरंचसं हाती लागतं.

सेल घेताना डोळे उघडे ठेवा. या आकारात आज चांगला सेल साधारण ३५०० मिलिअँपिअर-तासांपर्यंत जातो. वेष्टनावर ९९०० छापलेलं दिसलं की तो सेल हातातून खाली ठेवायचा. वजनकाटा जवळ असेल तर आणखी सोपं: चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, नकली बराच हलका लागतो.

टीपी४०५६ची दोन मॉड्यूलं बाजारात मिळतात. सेलसाठी वेगळे आणि लोडसाठी, म्हणजे दिव्याच्या सर्किटसाठी, वेगळे टोक असलेलंच घ्या, संरक्षण त्यावर असतं. पण त्या संरक्षणावर विसंबू नका. त्यातली नेहमीची डीडब्ल्यू०१ चिप सेल २.४ व्होल्टपर्यंत उतरल्यावर पुरवठा तोडते, आणि रोज तिथवर उतरलेला सेल लवकर म्हातारा होतो. प्रोग्रॅममध्येच ३.३ व्होल्टला उजेड कमी करा आणि ३.० ला दिवा बंद करा.

आता मॉड्यूल भिंगाखाली धरा. चिपेशेजारी '१२२' लिहिलेला बारीक रेझिस्टर दिसेल, म्हणजे १.२ किलोओहम. तो चार्जिंगचा करंट १ अँपिअर ठरवतो. सेल ३.७ व्होल्टवर असताना ५ व्होल्टमधले उरलेले १.३ व्होल्ट चिप उष्णतेत घालवते, म्हणजे बंद डबीत सव्वा वॅटहून जास्त. तो काढून २ किलोओहमचा, '२०२' लिहिलेला, लावला की करंट सुमारे ५८० मिलिअँपिअरवर येतो. रात्रभरात सेल आरामात भरतो आणि डबी तापत नाही. टाइप-सी मॉड्यूल असेल तर चार्जरला जोडणी ओळखू देणाऱ्या दोन्ही सीसी टोकांवर ५.१ किलोओहमचे रेझिस्टर आहेत का तेही बघा. ते नसले की एका टोकाला जुना मोठा यूएसबी प्लग असलेल्या केबलने चार्जिंग होतं, पण दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलने होत नाही, आणि वापरणारा म्हणतो, दिवा मेला.

एएमसी७१३५ची एक चिप ३५० मिलिअँपिअर सोडते. ३००० मिलिअँपिअर-तासांचा सेल एका चिपेवर आठेक तास चालतो, दोनवर चार. शहरातल्या रस्त्यावर एक पुरते, दुसरी अंधाऱ्या वाटेसाठी. सेल उतरत आला की ही चिप करंट पूर्ण देऊ शकत नाही आणि उजेड हळूहळू मंदावतो. सायकलवर हे चांगलंच, कारण घाटात झटकन अंधार होण्यापेक्षा दिवा मंदावत गेलेला केव्हाही बरा. उजेड कमी-जास्त करण्यासाठी पीडब्ल्यूएम, म्हणजे दिवा झपाट्याने चालू-बंद करण्याची रीत, वापराल तेव्हा वारंवारता १ किलोहर्ट्झच्या वर ठेवा, नाहीतर पावसाचे थेंब तुटक तुटक दिसतात.

नवख्यांना सगळ्यात जास्त छळणारा दोष खड्ड्यात उघड होतो. चाक आपटतं, स्प्रिंग क्षणभर सेलपासून सुटते, मायक्रोकंट्रोलर पुन्हा सुरू होतो आणि दिवा बंद किंवा भलत्याच मोडमध्ये. टेबलावर हे कधीच दिसत नाही. मायक्रोकंट्रोलरच्या पुरवठ्यात करंट एकाच दिशेने जाऊ देणारा एक शॉट्की डायोड आणि त्यापुढे ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका. डायोडमुळे एलईडी तो कपॅसिटर रिकामा करू शकत नाही आणि मायक्रोकंट्रोलर चाळीस-पन्नास मिलिसेकंद तग धरतो. मात्र डायोडवर सुमारे ०.३ व्होल्ट पडतात. मायक्रोकंट्रोलर स्वतःचा पुरवठा मोजून सेलचा अंदाज घेत असेल तर तेवढे त्यात मिळवा. ब्राउन-आउट, म्हणजे ज्याखाली मायक्रोकंट्रोलर स्वतःला थांबवतो ती पातळी, १.८ व्होल्टवर ठेवा, कारण २.७ वर ठेवलं तर सेल ३.० ला पोचेपर्यंत चिप स्वतःच बंद पडेल. 'व्ही' असलेली चिप घ्यायची ती याचसाठी, साधी एटीटायनी८५ चिप २.७ व्होल्टच्या खाली चालवायची नसते. सेलला थेट सोल्डरिंग करू नका, पट्ट्या स्पॉट-वेल्ड (क्षणभर करंट सोडून ठिपक्यापुरतं वेल्डिंग) करून घ्या.

डबी थ्रीडी प्रिंटरवर करायची तर पीएलए हे नेहमीचं प्लॅस्टिक नको. ते साठेक अंशांना मऊ पडतं आणि मे महिन्यात उन्हात उभ्या सायकलवर तेवढं तापमान सहज होतं. जास्त उष्णता सोसणारं पीईटीजी घ्या, भिंत निदान २ मिमी. पण प्लॅस्टिक उष्णता अडवतं, आणि दोन्ही चिपा चालू असताना एलईडी सुमारे २ वॅट खातो, त्यातला बराच भाग उष्णताच. म्हणून एलईडीची पाटी थर्मल पेस्ट लावून ३ मिमी जाडीच्या ॲल्युमिनियम पट्टीवर बसवा आणि पट्टीचा तळ डबीबाहेर वाऱ्याला उघडा ठेवा. पंखा बंद करून अर्धा तास पूर्ण उजेडावर ठेवा. पट्टीवर पाच सेकंद बोट टिकत नसेल तर पट्टी मोठी करा, कारण सिग्नलला उभं राहिल्यावर वारा नसतोच.

पाण्याचं गणित थोडं वेगळं आहे. दिवा पेटला की आतली हवा तापून बाहेर पडते, वरून पाऊस पडला की ती आकसते आणि फटीतलं पाणी आत ओढून घेते. रबरी रिंग नीट बसलेली असूनही आत ओल सापडते ती त्यामुळे. पाणी येणारच असं धरून बोर्डावर संरक्षक लेप द्या, तळाला २ मिमीचं भोक ठेवा, चार्जिंगचं तोंड खाली करा. फटी भरायला सिलिकॉन घ्याल तर आधी वास घ्या: व्हिनेगरसारखा आंबूस आला तर तो वापरू नका, त्यातलं ॲसिड तांबं खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेला घ्या. चाचणीसाठी आत टिश्यू पेपरची घडी ठेवा, दहा मिनिटं पूर्ण उजेडावर तापवा आणि लगेच नळाखाली धरा. ओल कुठून आली ते कागद उघडल्यावर दिसतं.

समोरच्याच्या डोळ्यांचा विचार लेन्स निवडतानाच करा. गोल झोत निम्मा आकाशात जातो. रुंदीला जास्त आणि उंचीला कमी पसरवणारी लंबवर्तुळाकार लेन्स घ्या, आणि दहा मीटरवरच्या भिंतीवर झोताचा मध्य दिव्याच्या उंचीपेक्षा खाली पडतो का बघा. जर्मनीच्या नियमात समोरच्या दिव्याला वरून कापलेला झोत लागतो आणि लुकलुकणं चालत नाही. ब्रिटनमध्ये २००५ पासून मिनिटाला ६० ते २४० वेळा लुकलुकणारा चालतो. आमचं मत जर्मनीच्या बाजूने आहे, निदान समोरच्या दिव्यापुरतं.

हँडलवर पकडीजवळ २२.२ मिमी, मधोमध २५.४ किंवा ३१.८ मिमी व्यास असतो. एकच रबरी पट्टा आणि खाली जुन्या ट्यूबचा तुकडा, एवढ्यात तिन्ही भागतात.

आता फायली. केवळ गर्बर (बोर्ड बनवून घ्यायच्या) आणि एसटीएल (डबी छापायच्या) फायली टाकल्या तर आराखडा खुला होत नाही, कारण त्यांत कोणी सहज बदल करू शकत नाही. कीकॅड या सर्किट आखायच्या सॉफ्टवेअरमधलं मूळ सर्किट, फ्रीकॅड या थ्रीडी आराखड्याच्या सॉफ्टवेअरमधली मूळ डबी, प्रोग्रॅम, सामानाची यादी आणि जोडणीचे फोटो, हे सगळं हवं. हार्डवेअरसाठी २०२० साली आलेली सर्न-ओएचएल या खुल्या परवान्याची दुसरी आवृत्ती बघा. तिच्या एस प्रकारात बदल करून दिवा वाटणाऱ्याला आपले बदलही खुले करावे लागतात, पी प्रकारात ते बंधन नाही. 'व्यावसायिक वापर नको' अशी अट घातली तर आराखड्याला ओपन सोर्स म्हणता येत नाही, विद्यार्थी इथे हमखास चुकतात. ओशवा या खुल्या हार्डवेअरच्या संस्थेचं प्रमाणपत्र मोफत आहे. मुलाखतीत हा प्रकल्प दाखवायचा असेल तर बिघाडांची नोंदवही लपवू नका. '१२२' का काढला याचं उत्तर देणारा उमेदवार लक्षात राहतो.

विक्रीआधी फायली आणि सामान एका अनोळखी मुलाला द्या, त्याला दिवा बनवू द्या आणि गप्प बसा. तो विचारेल तो प्रत्येक प्रश्न म्हणजे मजकुरातली एक गाळलेली ओळ. मग पाच नग, मग वीस, मग पन्नास. सेल न देता किट विका. लिथियम सेल पाठवायचे तर यूएन ३८.३ ही वाहतुकीतल्या सुरक्षिततेची चाचणी लागते, भारतात विकायचे तर आयएस १६०४६ या मानकाखाली बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी लागते, आणि विमानाने जाणारं पार्सल अडतं ते वेगळंच. किंमत सुट्या सामानाच्या अडीच पटीखाली ठेवलीत तर परत आलेले नग बदलून देणं परवडणार नाही. बोर्डावर तांब्यातच आवृत्तीचा क्रमांक कोरून घ्या, १.०, १.१, १.२ असा. वर्षभराने कोणी बिघडलेला दिवा पाठवला की कुठल्या आवृत्तीची फाईल उघडायची ते त्यावरूनच कळतं.