फिटच्या वहीतला दुसरा रकाना

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात अपस्माराच्या रुग्णाच्या घरी फिट आल्याची तारीख बहुधा कॅलेंडरवर लिहिलेली असते. त्या दिवसांतला त्याचा राग, उदासी किंवा भीती मात्र ‘स्वभावच तसा’ म्हणून सोडून दिली जाते. ही नोंद उपचाराला तितकीच उपयोगी असल्याने वहीत तारखेशेजारी वागणुकीचा रकाना आखावा.

त्यात बदल फिटच्या आधी दिसला की नंतर, झोप किती झाली आणि औषध किंवा त्याची मात्रा कधी बदलली, हे लिहावे. शेवटची नोंद सर्वांत मोलाची. फिटच्या औषधांपैकी लेव्हेटिरासिटॅमने काहींची चिडचिड वाढते, फिनोबार्बिटोनने काही मुले अतिचंचल होतात, टोपिरामेटने बोलताना शब्द सापडेनासे होतात. तरीही गोळी आपल्या मनाने थांबवू नये, कारण ती एकाएकी बंद केल्यास फिट थांबतच नाही अशी जिवावरची वेळ येऊ शकते.

कधी फिटांच्या मालिकेनंतर रुग्ण एक-दोन दिवस अगदी ठीक असतो आणि मग एकाएकी संशय, भास, असंबद्ध बडबड सुरू होते. मधल्या बऱ्या दिवसांमुळे घरच्यांना फिटशी संबंध दिसत नाही आणि बाहेरची बाधा म्हणून धावाधाव होते. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

उदासी दोन आठवडे टिकली तर तीही डॉक्टरांना सांगावी. ती केवळ आजाराच्या दुःखातून येते असे नाही. नैराश्य असलेल्यांना पुढे अपस्मार होण्याचा धोकाही अधिक आढळतो. मनोविकारतज्ज्ञांना फिटचा आजार आवर्जून सांगावा, कारण नैराश्यावरच्या ब्युप्रोपियॉनसारख्या औषधाने फिट वाढू शकते. मरणाची भाषा ऐकू आल्यास रुग्णाला एकटे न सोडता टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा.

‘आजार मुळापासून जाईल का?’ हा प्रश्न हटकून येतो. उपजत अपस्मार असलेल्या उंदरांना फिट सुरू होण्याआधीच इथोसक्सिमाइड हे फिटचे औषध दिल्यावर, औषध थांबवल्यानंतरही फिट आणि नैराश्यासारखी वागणूक कमी दिसली. माणसांत असे यश अजून पक्के झालेले नाही: डोक्याला गंभीर मार लागल्यावर दिलेले फेनिटॉइन हे फिटचे औषध पहिल्या आठवड्यातील फिट कमी करते, पुढचा अपस्मार टाळत नाही, असे १९९० च्या चाचणीत दिसले. निवडक रुग्णांत शस्त्रक्रियेने फिट थांबू शकते. मुळापासून बरे करणारी पूड विकणाऱ्यावर पैसे घालवू नयेत.

आपल्याकडे डॉक्टरांची एक चिठ्ठी धारवाडची, दुसरी मिरज-कोल्हापूरची असते, आणि एकाच औषधाची नावे दोन्हींत वेगळी असू शकतात. म्हणून वहीत गोळीचे कंपनीने दिलेले नाव न लिहिता आतल्या औषधाचे नाव लिहावे, आणि तपासणीला जाताना वहीसोबत गोळ्यांची रिकामी पाकिटेही न्यावीत.